आखरावरचा पोळा

आमच्या घरात शाळा भरत असे, हे मी तुम्हा नातवंडांना फोनवर गंमत म्हणून सांगितलेलं आहे. धानाच्या कोठारात टांगलेला फळा, पोत्यांवर बसलेली मुलं आणि खिडकीतून तोंड घालणारी म्हैस, एवढं ऐकूनच ईरा पोट धरून हसली होती. ती शाळा आमच्याकडे कशी आली आणि तिथून का गेली, हे मात्र मी कधी सांगितलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. आता लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते. आधी घर, मग आखर, मग तो पोळा. क्रमानं सांगितलं की मला बरं पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आमचं गढीटोला राजेगावच्या रस्त्यापासून थोडं आत. गावाच्या एका अंगाला कुण्या गोंड राजाच्या गढीची पडकी भिंत आणि तिच्या पायथ्याशी दगडी पायऱ्यांची बावली, म्हणजे बारव. हट्ट्याच्या बावलीइतकी ती मोठी नव्हती, पण बालाघाटहून आलेल्या पाहुण्याला ती दाखवल्याशिवाय कोणी चहा देत नसे. गावाला आपल्या जुनेपणाचा अभिमान होता. माझे वडील, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो, गावचे पटेल होते. महाराष्ट्रात ज्याला पाटील म्हणतात, त्याला आमच्याकडे पटेल म्हणत. ते मऊ स्वभावाचे होते. त्यांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही, गड्यांना आजारपणात स्वतः औषध नेऊन देत, आणि गणपतीच्या आरतीला त्यांचा आवाज सगळ्यात वर असे. हे मी मुद्दाम आधी लिहिते. पुढचं वाचताना तुम्ही डोळ्यांपुढे एखादा दुष्ट माणूस उभा कराल, आणि तसा माणूस आमच्या घरात नव्हता.

सकाळी घरात पहिला आवाज मुसळाचा. आई आणि गडीण धान कांडत, आणि त्यांच्या ठेक्यावर कोठारातली मुलं इंग्रजी कविता म्हणत. आईला त्या कवितेचा अर्थ कळत नसे, पण मुसळ थांबवून ती कधीकधी पुढची ओळ स्वतःच पुटपुटे. अकराच्या सुमारास लाखोरीच्या डाळीचं वरण चुलीवर उकळू लागे, वर सांबाराची मूठभर पानं पडत (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, निहार, त्याचा इडलीशी काही संबंध नाही), आणि तो वास कोठारात गेला की कानडे सरांचा वर्ग चुळबुळू लागे. कानडे सर नागपूरचे. बारीक, चष्मेवाले, एकटे. सरकारी शाळा पाचवीपर्यंतच होती. पुढच्या वर्गांसाठी त्यांनी गावात स्वतःची शाळा काढली आणि जागा मागायला ते बाबूजींकडे आले. बाबूजींनी रिकामं कोठार दिलं. अट एकच घातली. कोठाराची वाट आमच्या अंगणातून, विहिरीला लागून होती. म्हणून नाल्यापलीकडच्या टोलीतली मुलं शाळेत घ्यायची नाहीत.

ती टोली, म्हणजे वस्ती, बौद्धांची होती. नागपूरच्या दीक्षेनंतर सगळी टोली बौद्ध झाली होती, पण गाव त्यांना अजून जुन्याच नावानं ओळखत असे. ते नाव मी इथे लिहीत नाही. सरांनी ती अट मानली, कारण दुसरं छप्पर गावात नव्हतं. पण ती त्यांना टोचत असावी, कारण दोन पावसाळे जाताच त्यांनी तहसिलीत अर्ज केला: शाळा वाढवायची आहे, नव्या खोल्या बांधायच्या आहेत, त्यासाठी गावच्या आखराची सरकारी जागा मिळावी. आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. सकाळी गुरं तिथे गोळा होत आणि गुराखी त्यांना रानात नेई. आमचा आखर बावलीच्या शेजारी होता. स्वतःच्या जागेवर स्वतःची शाळा झाली की तिथे कोणी यायचं हे सर ठरवणार होते, आणि त्यांनी ते ठरवलंही होतं. टोलीतल्या लहानूजी गणवीरांना ते सांगून आले होते की छप्पर पडलं की तुमच्या नातीला सहावीत बसवतो. ही नात म्हणजे सुमन. सरकारी शाळेत ती माझ्याच वर्गात होती. तिचं बसायचं तरट वेगळं, दाराजवळ. पाचवी झाल्यावर मी कोठारात गेले आणि ती घरी बसली.

अर्जाची बातमी गावात पसरली तशी मारुतीच्या पारावर रोज बैठक होऊ लागली. मी बाबूजींचा पानाचा डबा घेऊन जाई आणि तिथेच रेंगाळे. कोणी म्हणे, बांधकामानं बावलीचे झरे बुजतील. कोणी म्हणे, एवढी जुनी गढी, तिच्या पुढ्यात टिनाची शाळा काय शोभते. कोणी म्हणे, पोळा कुठे भरवायचा? यातलं कुठलंच कारण खोटं नव्हतं. म्हणूनच ती सगळी कारणं इतकी सोयीची होती. खरं कारण एकदाच कोणीतरी बोलून गेलं, "आज सरच्या शाळेत येतीन, उद्या बावलीवर घागर घेऊन उतरतीन," आणि त्यावर बाबूजी घाईनं म्हणाले, "ते जाऊ द्या. आपला मुद्दा पोळ्याचा हाये. अर्जात पोळाच लिवा."

तुम्ही पोळा पाहिलेला नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. श्रावण संपता संपता, धानाच्या रोवण्या आटोपल्या की एक दिवस बैलांचा. आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी त्यांना धुवायचं, शिंगं रंगवायची, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. दाराशी पळसाच्या फांद्या. दिवस कलला की गावातल्या सगळ्या जोड्या आखरावर दोन खांबांना बांधलेल्या आंब्याच्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहत, पटेलाची जोडी पहिली. पुजारी पूजा करी, पोरं चढाओढीनं झडत्या, म्हणजे बैलांची यमकी गाणी, म्हणत, मग तोरण तुटे आणि बैल धावत आपापल्या घरी जात. सगळ्या जोड्या म्हणजे गावातल्या. टोलीतल्या लोकांचे बैल तोरणाखाली येत नसत. ते नाल्याच्या काठाशी उभे राहत आणि तोरण तुटल्याचा गलका ऐकला की घरी वळत. मी ते दर वर्षी पाहत होते. नाल्याशी उभे असलेले बैल मला पोळ्याचाच एक भाग वाटत, झुलीसारखा, पळसाच्या फांद्यांसारखा.

तहसीलदार हिंदीभाषी होते, उंच आणि कमी बोलणारे. चौकशीला ते आमच्याच पडवीत बसले. गावाचा अर्ज वाचून त्यांनी मान वर केली. "इसमें लिखा है, मैदान पूरे गाँव का है, पूरा गाँव यहाँ पोला करता है. मास्टरजी कहते हैं, पूरा नहीं करता." कानडे सर समोरच्या खुर्चीत होते. "ठीक है. मैं पोले के दिन आऊँगा. पूरा गाँव देखूँगा, फिर लिखूँगा."

त्या संध्याकाळी बाबूजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोक्याला फेटा बांधला आणि मला म्हणाले, "चाल माह्यासंगं." लहान मुलगी बरोबर असली की माणूस भांडायला आला असं वाटत नाही, हे मला आता कळतं. आम्ही नाला ओलांडला. मी पहिल्यांदाच टोलीत पाऊल टाकत होते. लहानूजींचं अंगण शेणानं सारवलेलं, आमच्यापेक्षा स्वच्छ. बाबूजींनी दारातून हाक मारली, "लहानूभाऊ, घरी हाये का?" एरवी ते त्यांना लहान्या म्हणत.

लहानूजी बाहेर आले. सत्तरीकडे झुकलेला, वाकलेला, पण खांदे रुंद असलेला माणूस. त्यांनी घाईघाईनं खाट टाकली आणि बाबूजी त्या खाटेवर बसले. दारात त्यांचा पुतण्या दयाराम उभा होता. तो गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला होता आणि सणाला आला होता. आत सुमन होती. तिनं मला पाहिलं आणि ती हसली नाही.

बाबूजी म्हणाले, "लहानूभाऊ, यंदा तुमच्या जोड्या तोरणाखाली घेऊन या. सगळ्या टोलीच्या."

दयाराम मोठ्यानं हसला. "बैलाले दरसाल आवतन असते बापा. आमाले पयल्यांदा भेटून राह्यलं!"

"तू गप रे," लहानूजी म्हणाले. मग बाबूजींना म्हणाले, "पटेल, तिथी शाळा होनार हाये म्हनतेत. सरनं सांगतलं मले. शाळा झाली तं आमची सुमन जाईन."

"शाळा कुठी पळून चालली? दुसऱ्या जागेवर होईन. धानाच्या बांधीच्या मांगं माहा तुकडा पडीक हाये, तो मीच देतो सरले. आखर मातर एकदा गेला तं गेला. आन तोरण म्हनशीन तं आता दरसाल. तुमची जोडी आमच्या संगं."

"दरसाल?"

"माहा शब्द हाये."

दयाराम पुढे आला. "मोठेबाबा, आपून त्याईचे देव सोडले. आता त्याईच्या तोरणाखाली काहून जाचं?"

लहानूजींनी अंगणात बांधलेल्या आपल्या जोडीकडे पाहिलं. "देव सोडले बापू," ते म्हणाले, "बैल कुठी सोडले? माहा बाप जनमभर त्या नाल्यात चिखलात उभा राह्यला. त्याले वाटे, एकडाव तरी बैल वर न्यावं." मग त्यांनी आत पाहून हाक दिली, "अवं, पटेलाले पाणी आन."

त्यांची बायको पितळी लोटा घेऊन आली. माझ्या हातावर तिनं लाई आणि गुळाचा खडा ठेवला. "पटेलाची पोरगी का वं? खाय माय, लाजू नोको." बाबूजींनी लोटा घेतला. सगळी टोली कुडापलीकडून पाहत होती. ते पाणी प्यायले, सगळं, थेंब न सांडता.

घरी येईपर्यंत बातमी आईला कळली होती. मागच्या दाराशी तिनं पाण्याची बादली, गोमूत्राची वाटी आणि धुतलेलं धोतर मांडून ठेवलं होतं. आधी माझी आंघोळ, मग बाबूजींची. "पाणी काहून पेले?" आई तांब्यानं पाणी ओतता ओतता विचारत होती, रागानं नाही, पोराला विचारावं तशी. बाबूजी डोक्यावरून पाणी निथळत म्हणाले, "नाई पेलो असतो तं आले असते का ते?" आणि दोघं हसली. मीही त्यांच्याबरोबर हसत होते. मला वाटलं, अवेळी आंघोळ घातली म्हणून हसायचं आहे. एवढी वर्षं झाली, पण घरातले आवाज आठवायला बसले की मुसळाच्या आधी मला ते हसणं ऐकू येतं.

पोळ्याला टोलीच्या जोड्या आल्या. त्या कशा सजवल्या होत्या, काय सांगू! शिंगांना लाल-हिरवा बेगड, कपाळावर आरसे, झुलींवर लुगड्यांचे जरीकाठ शिवलेले. बायकांनी आपल्या ठेवणीतली लुगडी कापली होती. लहानूजींची जोडी तोरणाखाली आली तेव्हा गावकरी जरा जरा सरकले. जागा दिली असंही म्हणता येईल, अंतर ठेवलं असंही म्हणता येईल. तहसीलदार साहेबांना दुसरंच दिसलं आणि ते खूश झाले. सगळ्या रांगेवरून चालत ते नेमके लहानूजींपाशी थांबले.

"आप लोग भी यहीं पोला करते हैं? हर साल?"

पोरांच्या झडत्या थांबल्या. कानडे सर दोन पावलांवर उभे होते. लहानूजींनी एकदा सरांकडे पाहिलं, मग बाबूजींकडे. ते खोटं बोलणारे नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि एका हो किंवा नाहीवर सुमनची सहावी आहे, हे त्यांना स्वतःला माहीत होतं.

"जी साहब," ते म्हणाले. "पूरा गाँव."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि ते पूजेला न थांबता निघून गेले. तोरण तुटलं. लहानूजींचे बैल आमच्या बैलांच्या बरोबरीनं धावले आणि तो म्हातारा त्यांच्यामागे कासरा धरून पोरासारखा पळाला, पागोटं सुटलेलं, तोंडभर हसत.

आखर गावाकडे राहिला. सर बाबूजींना बांधीमागच्या तुकड्याबद्दल विचारायला आले, तेव्हा बाबूजी म्हणाले, धान निघू द्या. धान निघालं तेव्हा तिथे लाखोरी पेरली होती. लाखोरी निघाली तेव्हा मोजणी व्हायची होती. बाबूजींनी कधीही नाही म्हटलं नाही. उन्हाळ्यात एक दिवस सरांनी फळा आणि बाकं बैलगाडीत घातली आणि बालाघाटला शाळा काढली. बाबूजींनी मला त्याच शाळेत घातलं, मावशीकडे ठेवून. तिथून कॉलेज, तिथून नोकरी, तिथून तुमचे आजोबा. तुमच्याशी मी ज्या भाषेत बोलते ती सगळी त्या गाडीबरोबर गेली आणि मी तिच्यामागे गेले. सुमनसाठी बालाघाटला मावशी नव्हती. बाबूजींच्या तुकड्यावर पुढे माझ्या भावानं संत्र्याची कलमं लावली, ती आमच्या पाण्याला जगली नाहीत.

पुढच्या पोळ्याला मी सुट्टीवर घरी होते. सकाळी पारावरून दोघंतिघं आले आणि पडवीत बाबूजींशी बोलले. "यंदा दुपारीच उरकून टाकू पटेल. पाण्याचं काई सांगता येत नाई." आभाळ कोरडं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात पुरण वाटत होते, मला पडवी दिसत होती. बाबूजी जरा वेळ सुपारी कातरत राहिले, मग म्हणाले, "हौ. उरकून टाका." टोलीत कोणी सांगायला गेलं नाही. ऊन डोक्यावर असतानाच तोरण तुटलं आणि आमचे बैल घरी येऊन ओवाळून झाले.

दिवस कलल्यावर घुंगरं ऐकू आली. मी खिडकीतून पाहिलं. लहानूजी आपली जोडी घेऊन आखराकडून आमच्या दाराशी येत होते. मागे इतर जोड्या वळून नाल्याकडे चालल्या होत्या. दयाराम नव्हता. सुमन होती, तिच्या हातात एका बैलाचा कासरा. बाबूजी ओट्यावर बसले होते. त्यांना आत जायला वेळ मिळाला नाही.

"पटेल, तोरण तुटलं का?"

"हौ लहान्या. पाणी येईन म्हून घाई केली पोराईनं."

लहानूजींनी आभाळाकडे पाहिलं नाही. मला वाटतं, बाबूजींना आणखी खाली पाडायचं त्यांच्या मनात नव्हतं. "मी साहेबाले पूरा गाँव म्हनलो होतो," ते हळूच म्हणाले. "सरच्या समोर म्हनलो. तुमी दिसले म्हून म्हनलो. तोरणाचं जाऊ द्या पटेल, मी म्हातारा झालो. शाळेचं हिले काय सांगू, ते तेवढं सांगा. घरी रोज विचारते."

सुमन बैलाच्या मानेवरून हात फिरवत होती. तिनं वर पाहिलं नाही. माझे बाबूजी, ज्यांचा आवाज आरतीत सगळ्यात वर असे, ते आत वळून हळू आवाजात म्हणाले, "अवं, लहान्याले चाय दे."

आईनं चहा ठेवला. उकळल्यावर ती गोठ्यात गेली आणि कोनाड्यात उपडा ठेवलेला, कान तुटलेला कप घेऊन आली. गोठ्यातला तो कप टोलीच्या माणसांसाठी असे. तिनं त्यात वरून, कपाला भांडं न लावता चहा ओतला आणि पदर सावरत बाहेर गेली. बाहेर बाबूजी एकटेच बसले होते. घुंगरं नाल्याच्या उतारापर्यंत पोचली होती.

आईनं चहा अंगणाच्या कडेला ओतला, कप परत कोनाड्यात उपडा ठेवला आणि विहिरीवर जाऊन हात धुतले. बाबूजींनी कोणाकडेच न पाहता विचारलं, पानं वाढली का. वाढली होती. आम्ही जेवायला बसलो.